धक्क्यावरचा बांगडा

गावाची खूण म्हणून नगरपालिकेने धक्क्यावर माणसाहून उंच असा सिमेंटचा बांगडा बसवला. बँकॉकच्या मूर्तिकाराने त्याची मान चांगली ताठ ठेवली होती.

प्रानोम पोट धरून हसली. बांगड्यांच्या माना मोडून त्यांना बांबूच्या टोपलीत बसवण्यात तिची उभी हयात गेली होती.

"सामलीताई, एवढा ताठ बांगडा कुठल्या टोपलीत मावायचा गं?"

"बँकॉकवाल्यांना काय कळतंय! ते आयता ताटातलाच खातात," शेजारी मासळी विकणारी सामली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांगड्याची मान मोडलेली होती. सिमेंटला मात्र कुठे तडा नव्हता.

"बघ, केली दुरुस्ती," सामली म्हणाली.

प्रानोम जवळ गेली. कल्ल्यामागे अंगठ्याचा खोल ठसा होता, तोही डाव्या अंगठ्याचा. बाजारातल्या साऱ्याजणी उजव्या अंगठ्याने मान मोडत. डावखुरी एकच होती, तिची आई. तिला जाऊनही तीस वर्षं झाली.

शाळेत जाताना आई वेणी घालायची, तेव्हा तोच अंगठा प्रानोमच्या मानेवर टेकलेला असायचा. मिठाचा वास यायचा त्याला. पुढे कितीदा तरी तिला त्या वासाची आठवण येई.

तिने ठशावर हळूच बोट ठेवलं. सिमेंट ऊबदार होतं.

तेवढ्यात मिठाचा वास आला. तिच्या मानेवर, केसांखाली, कुणीतरी अंगठा टेकवला.

"मान खाली घाल, बाळा."

आणि जुन्या सवयीने प्रानोमने मान खाली घातली.