अडकलेली हवा

माझ्या लेकीच्या पणजोबांनी हा कारखाना उभारला, आजोबांनी वाढवला आणि वडिलांनी सांभाळला. वडिलांच्या पश्चात मात्र मालकाच्या खुर्चीवर तिचे काका, म्हणजे माझे धाकटे दीर, ठाण मांडून बसले. आज लेकीने सर्व कामगारांदेखत ती खुर्ची मागितली.

"घे की!" भावजी हसले. "पण आधी त्या बेअरिंगला ग्रीस मारून दाखव. बाईमाणसाचं मनगट पुरतंय का बघू."

"काका, जोर कसा लावायचा ते आधी तुम्हीच दाखवा ना."

भावजींनी बाह्या सरसावल्या, ग्रीस गनचे तोंड बेअरिंगच्या ग्रीस भरायच्या निप्पलवर बसवले आणि दांडा दाबू लागले. दांडा खालीवर होत राहिला, ग्रीस काही येईना. घाम मात्र भरपूर आला. अखेर लेकीने गन आपल्या हाती घेतली आणि नळ्याच्या डोक्याशी असलेला बारीक स्क्रू सैल केला. फुस्स करून हवा निघून गेली, आतल्या स्प्रिंगने ग्रीस पुढे रेटले आणि दांडा दाबताच ते बेअरिंगच्या कडेने डोकावू लागले.

"जोर नाही लागत, काका. आधी हवा काढावी लागते."

कामगारांत हशा पिकला. भावजींनी ऑफिसची किल्ली तिच्या हातावर ठेवली.



यजमान गेले तेव्हा भावजींनी सर्वांदेखत माझीही हीच परीक्षा घेतली होती आणि मी हरले होते. त्या दिवशी गनमध्ये हवा त्यांनी कोंडून ठेवली होती, आज मी.