नवा चेंडू

“थकलास आता, भालूदा! बस कर!” मांडवातून कुणीतरी ओरडलं. शेवंतीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघ्याला पट्टा बांधून तिचा नवरा क्रीजवर उभा होता. गावच्या स्पर्धेतला षटकारांचा विक्रम मोडायला त्याला एकच षटकार हवा होता.

गावचा नियम जुना. ज्याने चेंडू खाडीत घालवला, त्यानेच नवा द्यायचा. त्यावरून शेवंती जन्मभर करवादली होती. हल्ली मात्र त्याचा फटका खाडीपर्यंत पोचत नव्हता.

बॅट फिरली. चेंडू माडांवरून थेट खाडीत! मांडव नाचू लागला.

“भालूदा, नवा चेंडू?” पंचांनी हात पुढे केला. भालूदा ओशाळला. त्याने आणलाच नव्हता.

शेवंती ताठ मानेने मैदानात गेली. पिशवीतला कोरा चेंडू तिने पंचांच्या हातावर ठेवला.

“घरातून निघतानाच घेतला होता मी.”