अंगठ्याची पारख

मशीन बंद करून बुधाजी मेस्त्रीने होडीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. काहीच कळलं नाही. चार वर्षांपूर्वी दुकानात त्याने कमी थरथरणारं लाकूड घासायचं मशीन सोडून दमदार उचललं होतं; कामं झपाट्याने उरकली आणि बोटं बधिर झाली.

चहा घेऊन बायको लांबच थांबली.

“इकडे ये गो. हात फिरव, सपाट लागतंय का बघ.”

“पूजेआधी बाईने होडीला शिवायचं नाही, असं तुम्हीच म्हणता ना?”

“उद्या होडी पाण्यात जायची आहे. फिरव.”

पदराला हात पुसून तिने सांधा चाचपला. “इथे उंच आहे. आणि हे रक्त कुणाचं?”

त्याच्या अंगठ्यात लाकडाचं कुसळ खोल शिरलं होतं.

“दुखत नाही?”

दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याने अंगठा पाहिला.

“पुढचा सांधा बघ,” तो म्हणाला.