अकरावा शब्द

कामाचा वेग वाढवायचं गोदामाच्या साहेबांनी मनावर घेतलं आणि फतवा काढला: यापुढे दहा शब्दांच्या वरचा अहवाल चालणार नाही.

"साहेब, माझे अकरा झालेत," यंत्रं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "निदान वाचून तरी बघा."

"वाचण्यात वेळ जातो म्हणून तर नियम केला, बाई!"

बाईंची पाठ वळताच साहेबांनी पेनाच्या टोकाने शब्द मोजले, शेवटच्यावर लाल रेघ मारली आणि कागद खाली हमालांकडे धाडला.

तिसऱ्या दिवशी मालाची लिफ्ट कोसळली. आत असलेल्या हमालाचे दोन्ही पाय गेले. बाई दवाखान्यातून तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या, तर साहेबच त्यांच्यावर उखडले.

"हा बघा तुमच्या सहीचा कागद! 'मालाच्या लिफ्टचा दोर झिजला आहे. नवा दोर येईपर्यंत लिफ्ट वापरू.' तुम्हीच म्हणालात वापरू, आम्ही वापरली!"

बाईंनी ती लाल रेघ पाहिली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे बघा," साहेब एकदम नरमले, "वरून चौकशी येतेय. काय झालं ते सविस्तर लिहून द्या. हवे तेवढे शब्द घ्या."

बाईंनी कोरा कागद ओढला, त्यावर एकच शब्द लिहिला आणि साहेबांच्या पुढ्यात आपटला.

'नये.'

"हे काय?"

"तुम्ही खोडलेला शब्द. आता तरी वाचा!"