टेकडीवरचा पंखा

नगरपरिषदेनं टेकडीवर पवनचक्की बसवली आणि खालच्या दोन्ही मोहल्ल्यांची झोप उडाली. त्या घरघरीत मंदिराचा भोंगा ऐकू येईना, अन् मशिदीचाही. आजवर एकमेकांच्या भोंग्याविरुद्ध ठाण्यात जाणारे पंजाबराव आणि रहीमभाई आता त्या पंख्याविरुद्ध एकाच सतरंजीवर साखळी उपोषणाला बसले. बसल्या बसल्या कपाशीवरच्या बोंडअळीचं बोलणं निघालं, पोरींच्या सोयरिकीचं निघालं. रमजान लागला, तसा पंजाबरावांचाही उपास रोज रहीमभाईंच्या घरच्या खजुरानंच सुटू लागला.

शेवटी पंखा बंद झाला. दोन्ही मोहल्ल्यांनी पेढे वाटले.

पंधरवडा उलटायच्या आत पंजाबराव मुख्याधिकाऱ्यांपुढे उभे होते. रहीमभाई तिथे आधीच येऊन बसलेले. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

“साहेब, पंखा चालू करा,” पंजाबराव म्हणाले.

“अहो, तुम्हीच तर बंद करायला लावला!”

“आता भोंगे ऐकू येऊन राहिले न, साहेब. पोट्टे पुन्हा काठ्या काढून राहिले.”

साहेब रहीमभाईंकडे वळले. “आणि तुमचं काय?”

“माह्यंबी तेच.”

“ते आता जमणार नाही,” म्हणत साहेबांनी हात जोडले.

दोघं बाहेर आले. पायरीवर पंजाबराव उगाच चपला शोधत रेंगाळले. रहीमभाईही जरा घुटमळले, मग म्हणाले, “सतरंजी माह्याच घरी हाये, पंजाबराव. उद्यापासून बसाचं का?”