रंगनाथशेटची घंटी

गोदाने पोह्यांचं ताट टेबलावर ठेवलं, अगदी मधोमध. ठेवता ठेवता तात्यांची घंटी तिने हळूच आपल्या बाजूला सरकवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांचं लक्ष पोह्यांवरच्या खोबऱ्याकडे होतं.

मुलगी बघायचा कार्यक्रम घरी नव्हताच. तात्यांच्या तांब्यापितळेच्या दुकानामागच्या खोलीत होता, कारण घरी जाऊन परत यायला तात्यांना सवड नव्हती. "सोयरिकीचं आणि मालाचं, दोन्ही एका बैठकीत उरकून टाकू," असं त्यांनी सकाळीच आईला सांगून टाकलं होतं. मुलाचे वडील, सटाण्याचे नाथाशेट, यांचंही भांड्यांचंच दुकान. मुलगी गेली की तिच्या पाठोपाठ हंडे, घागरी, पराती, सगळं तिकडेच जाणार.

मुंबईच्या एका पेढीत पाहून आल्यापासून तात्यांनी टेबलावर ही घंटी ठेवली होती. भेटायला आलेल्या माणसाला नेमून दिलेली वेळ संपली की तिच्या डोक्यावर एक बोट. टिंग! बाहेर उभा असलेला दुकानातला गडी पुंजाराम लगेच पडदा वर करायचा आणि ओरडायचा, "चला, पुढचे!" मग माणूस वाक्याच्या मध्यावर असो, नाहीतर रडण्याच्या, त्याने उठायचं. भांडीबाजारात हे सगळ्यांना पाठ होतं.

काल गोदाही अशीच उठली होती. घरी तात्या सापडतच नाहीत, म्हणून ती शाळेतून थेट इथे आली होती. बाहेरच्या बाकावर तांबटांच्या रांगेत, दप्तर मांडीवर घेऊन बसली. पाळी आली तेव्हा म्हणाली, "तात्या, मला एवढ्यात लग्न नको. मॅट्रिकला एकच वर्ष–"

टिंग!

तात्यांनी मानसुद्धा वर केली नव्हती.

आज तेच तात्या कसे गोडगोड हसत होते! "घ्या ना नाथाशेट, सावकाश घ्या. आज तुमच्यासाठी वेळच वेळ."

वेळच वेळ! गोदाने दात आवळले आणि ओठांवर हसू आणलं.

नाथाशेटची बहीण चिमणाबाई पुढे सरकली. "तुनं नाव काय शे, पोरी?"

"गोदावरी."

"जरा चाली दखाड."

गोदा खिडकीपर्यंत चालत गेली, परत आली. केस सोडून दाखव म्हणाल्या, तिने सोडले.

"इंग्रजी शिकस म्हने? आते ते सोडनं पडी."

"बरं," गोदा म्हणाली. इतकं गोड, की तात्या खूश झाले. भिंतीशी चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या आईने मात्र चमकून वर पाहिलं. आपली मुलगी इतकी गरीब कधीच नसते, हे तिला ठाऊक होतं.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो मुलगा मान खाली घालून पोहे खात होता.

नाथाशेटनी मिशा पुसल्या, पगडी सारखी केली. बहिणीकडे पाहिलं. बहिणीने मान हलवली. तात्या खुर्चीच्या अगदी कडेला आले.

गोदाचं बोट घंटीवर होतं. आत्ता नाही. बोलू दे. काल आपल्याला जिथपर्यंत बोलू दिलं, तिथपर्यंत यांनाही बोलू दे.

"रंगनाथशेट, आता आडपडदा कशाला?" नाथाशेट म्हणाले. "आम्हाला तुमची मुलगी–"

टिंग!

पडदा सर्रकन वर गेला. "चला, पुढचे!"

चिमणाबाईंचा हात बशीतच राहिला. नाथाशेटचा चेहरा नव्या तांब्यासारखा लाल झाला. "आम्हाला उठवता, रंगनाथशेट?"

"अहो छे, छे! बसा! पोरीचा हात लागला. गोदे, चुकून लागला ना? सांग त्यांना. अगं सांग!"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गोदाने मोकळे केस मागे घेतले. त्यांची गाठ मारली, चांगली वेळ घेऊन. सगळे तिच्या तोंडाकडे बघत थांबले होते. तात्यासुद्धा! काय मजा आली म्हणून सांगू तिला!

"चुकून नाही, तात्या," ती म्हणाली. "यांची वेळ संपली."

नाथाशेट उठले. "बाजारात ऐकून होतो, तुमची घंटी वाजली की माणसाने थांबायचं नसतं. आम्हीही नाही थांबत."

"ऊठ रे भाऊ," चिमणाबाई मुलाला म्हणाल्या. त्याने शेवटचा घास तोंडात कोंबला आणि उठला.

तात्या त्यांच्या मागे पायरीपर्यंत धावले. "नाथाशेट, अहो नाथाशेट! निदान मालाचं तरी–"

टांगा निघून गेला.

तात्या आत आले. त्यांच्यामागे पडदा पडला. आई अजून भिंतीशीच होती. इतक्या वर्षांत तिने या दुकानातल्या एकाही वस्तूला बोट लावलं नव्हतं. बाहेर तांबटांच्या रांगेत मात्र कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कार्टे! चारचौघांत माझं नाक कापलंस! माझ्या घंटीला हात लावतेस? उद्यापासून तुझी शाळा–"

आईने किटली खाली ठेवली. दोन पावलं पुढे आली.

टिंग!

पडदा वर गेला. "चला, पु–" पुंजाराम सवयीने म्हणाला, आणि आत पाहून गप्प झाला. आत आई होती, गोदा होती, आणि तात्या होते.

पडदा मात्र त्याने वरच धरून ठेवला.