पारेदेस साहेबांची फेरी

खालच्या शटरवर काठी आपटल्याचा आवाज आला आणि सगळी शिलाई मशिनं एकदम गप्प झाली.

"चला पोरींनो, वर! पारेदेस साहेब आलेत." सेनोबियाबाईंनी शिडी लावली.

एकेक करून सगळ्या माळ्यावर चढल्या आणि जीन्सच्या कापडाच्या ताग्यांमागे आडव्या झाल्या. सगळ्या व्हेनेझुएलाच्या. इराइमा शेवटी चढली आणि तिनं शिडी वर ओढून घेतली. फळ्यांच्या फटीतून तिला इन्स्पेक्टरचं निळं जाकीट दिसलं, गळ्यातलं ओळखपत्र दिसलं.

"परदेशी बायका ठेवल्यात म्हणे?"

"छे हो साहेब! मी आणि माझी भाची. ती आज आजारी आहे."

साहेबांनी मशिनांवरून नजर फिरवली, बाईंनी पुढे केलेला कोंबडीचा रस्सा भुरके मारत प्यायला आणि जिना उतरून गेले.

"गेला एकदाचा," बाई म्हणाल्या. "त्याचं तोंड बंद ठेवायचं म्हणजे तुमच्या पगारात हात घालावा लागतो. माझा जीव तुटतो गं, पण करणार काय?"

कुणी कुरकुर केली नाही. लिमात दुसरं कोण होतं त्यांना?

तिकडे आपल्या गावी, माराकाइबोत इराइमा नवरीचे झगे शिवायची. एकेका झग्यावर महिना महिना मणी टाकत बसायची. तिकडे खायची मारामार झाली तेव्हा ती बसनं पेरूत आली. इथं तिला सरकारी कार्ड मिळालं. पहिल्याच दिवशी ते तिनं बाईंना दाखवलं, तेव्हा बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. "हे राहायचं कार्ड, लेकी. कामाचं वेगळं असतं, ते तुमच्या लोकांना देत नाहीत. पकडलं तर थेट सीमेपार. पण मी आहे ना!"

मग काय, मान खाली घालून काम. रविवारची सुट्टी मागायची नाही. बोटातून सुई आरपार गेली तेव्हाही इराइमा दवाखान्यात गेली नाही. बाईंनीच स्पिरिट ओतलं, फडकं बांधलं.

ऑगस्टमध्ये एकदा साहेब अचानक आले. शटर उघडंच होतं. दुब्रास्का गच्चीवर धुतलेलं कापड वाळत घालत होती. हसरी, सतत गुणगुणणारी पोर. जिन्यात साहेबांचा आवाज ऐकला आणि तिनं शेजारच्या पत्र्यावर उडी टाकली. पत्रा फाटला.

कठड्यावरून खाली पाहताना साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते तसेच मागे फिरले आणि जिना उतरून गेले.

बाईंनीच टॅक्सी आणली. दवाखान्याच्या दारात त्या दुब्रास्काच्या कानाशी वाकल्या. "घरी जिन्यावरून पडले म्हणायचं. नाहीतर सगळ्याजणी जातील."

दुब्रास्का वाचली. पाय मात्र गेले.

वॉर्डात चर्चतर्फे एक वकीलबाई यायच्या. काटक, चष्मेवाल्या. दुब्रास्कानं त्यांना जिन्याचीच गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि भेटायला आलेल्या इराइमाला व्हरांड्यात बोलावलं.

"तुझं कार्ड दाखव बघू."

इराइमानं ते घाबरत काढलं.

"अगं, यात काम करायची परवानगी आहे. कार्ड हातात पडल्या दिवसापासून."

"मग इन्स्पेक्टर आम्हाला का पकडतो?"

"पकडतो? कामगार खात्याचा माणूस मालकाला जाब विचारायला येतो. तुम्हाला पगार नीट मिळतो का, ते बघायला येतो. त्याला घाबरता कशाला? पुढच्या वेळी समोर उभी राहा."

इराइमा दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. आनंद व्हायला हवा होता, पण तोंड कडू झालं. हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर दुब्रास्का आत्ता गच्चीवर गुणगुणत असती.

पुढे दुब्रास्काचा भाऊ आला आणि तिला बसच्या मागच्या सीटवर आडवी घालून माराकाइबोला घेऊन गेला.

इराइमानं बाकीच्यांना सगळं सांगितलं.

"बोलायला सोपं आहे," कोरोमोतो म्हणाली. तिला लहान मुलं होती. "वकीलबाई येणार आहेत का माझ्या पोरांना जेवू घालायला? तू राहा उभी."

बाईंना मात्र इराइमा काही बोलली नाही. बिचाऱ्या, त्यांना तरी कायदा कुठे ठाऊक? त्याही आपल्यासारख्याच घाबरून जगतात. आपण उभ्या राहिलो तर त्यांचीही या माणसाच्या तावडीतून सुटका होईल, असं तिला वाटलं.

महिनाभरानं पुन्हा शटरवर काठी आपटली. सगळ्या वर चढल्या. इराइमा मशीनपाशीच राहिली.

"वेड लागलंय का तुला?" बाई ओरडल्या. "चढ वर!"

"आज नाही, बाई. घाबरू नका, तुम्हालाही काही होणार नाही."

साहेब आत आले आणि उंबऱ्यातच थबकले. इराइमानं कार्ड त्यांच्यासमोर धरलं.

"मी इराइमा. मी इथं शिवणकाम करते. मला कामाचा हक्क आहे. दुब्रास्का पळाली, साहेब. मी नाही पळणार. आम्ही कशा लपून काम करतो ते सगळं सांगते, लिहून घ्या."

साहेबांनी कार्डाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठावर घाम आला होता.

मग इराइमाच्या खांद्यावरून त्यांनी सेनोबियाबाईंकडे नजर टाकली आणि हळूच विचारलं,

"वहिनी, ही पळतच नाहीये. आता मी काय म्हणायचं?"